सुरूच्या फांदीसारखं सोनं

चाचा खाणीतून वर आले की आधी हातपाय धुवायला जात आणि मग चहाला. त्या दिवशी मात्र अंगावरच्या चिखलासकट ते थेट माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं आणि त्यावरचा दिवा अजून चालू होता.

"साहेब, दार लावू का?"

मी मान हलवली. त्यांनी दार लावलं, पण खुर्चीवर बसले नाहीत.

"खालच्या नव्या बोगद्यात, डाव्या भिंतीला, गारगोटीच्या पट्ट्यात एक बीळ उघडलंय. माझी मूठ जाईल एवढं. मी बत्ती आत मारली." त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. "सोनं हाय आत. कण नाय, धूळ नाय. झाड हाय. सुरूच्या फांदीसारखं."

मी हसणार होतो, पण त्यांच्या तोंडाकडे बघून थांबलो.

"हात नाय लावला मी. अल्लाची शपथ. अजून कोणाला सांगितलं पण नाय. पयलं तुमालाच."

त्यांना शपथ का घ्यावी लागली, हे सोन्याच्या खाणीत काम न केलेल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे खाणीतून वर येताना बूट उलटे करून झटकून दाखवावे लागत. आत मोबाइल न्यायचा नाही. डोळ्यांनी दिसणारं सोनं एखाद्याला सापडलं आणि ते सांगायला त्याला तासभर उशीर झाला, तरी त्या तासाचा जाब द्यावा लागे. म्हणून चाचा हातपायही न धुता आले होते.

त्यांना सगळेच चाचा म्हणत. आपले लोक, पाकिस्तानी, नेपाळी, सौदी पहारेकरीसुद्धा. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सव्वीस वर्षं आखातात काढलेली, त्यातली निम्मी जमिनीखाली. बोगद्यात सुरुंग उडाले, धूर निघून गेला, की सगळ्यात आधी आत जायचं काम त्यांचं. हातात माणसापेक्षा लांब पहार घेऊन ते छताला आणि भिंतीला टोकत जात. दगड घट्ट असला की खणखणीत आवाज येतो. सुटलेला असला की बद्द येतो, तडकलेल्या मडक्यासारखा. असा दगड ते पहारीने पाडत, आणि मगच बाकीचे आत येत. एखाद्या ठिकाणी चाचा नाही म्हणाले तर तिथे कोणी पाऊल टाकत नसे.

मी त्या खाणीत भूवैज्ञानिक होतो. रियाधपासून पश्चिमेला मोटारीने सात-आठ तास, शेवटचे दोन तास नुसता काळा खडक आणि वाळू. तीन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. बायको आणि मुलगी रियाधच्या फ्लॅटमध्ये, मुलगी तिथल्या भारतीय शाळेत पाचवीला.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्या दिवसापर्यंत मला सोन्याच्या खाणींत अकरा वर्षं झाली होती, आणि खडकातलं सोनं मी डोळ्यांनी धड पाहिलं नव्हतं. आमचं सोनं प्रयोगशाळेच्या कागदावर असतं. एक टन दगडात चार-पाच ग्रॅम. दगड फोडायचा, दळायचा, रसायनात विरघळवायचा, तेव्हा कुठे ते दिसतं. नागपूरला शिकत असताना आमच्या विभागात खनिजांचं एक जुनं कपाट होतं. त्यातल्या एका खणावर 'सोने' अशी चिठ्ठी होती आणि आत नुसता पिवळा पडलेला कापूस. नमुना कधी होता की नव्हताच, कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्यावरून विनोद करायचो.

मी चाचांबरोबर खाली गेलो. बोगद्याच्या अगदी टोकाशी, सुरुंग लावतात त्या भिंतीच्या डाव्या अंगाला, साधारण छातीच्या उंचीवर ते बीळ होतं. मी वाकून दिवा आत मारला.

आत पांढरे स्फटिक होते, बोटाच्या पेरांएवढे. त्यांच्यामधून ती फांदी वर आली होती. वीतभर लांब. मधली काडी, तिला दोन्ही बाजूंनी बारीक काड्या, त्यांना आणखी बारीक, आणि टोकाटोकाला चौकटीसारखे चपटे स्फटिक, कोणीतरी कोरून बसवल्यासारखे. दागिन्याच्या सोन्यापेक्षा रंग फिका आणि मऊ होता. तिच्या बुडाशी दोन लहान झुबके वेगळे होते. मी श्वास सोडला तर ते हलेल असं वाटून तोंडावर हात धरला.

"हाय ना?" मागून चाचा म्हणाले.

"आहे," मी म्हणालो.

वर येऊन मी रियाधच्या कार्यालयात फोन लावला. तिथे एक सौदी बाई आमच्या कंपनीसाठी खनिजांचे नमुने जमवण्याचं काम पाहत असे. स्वतः भूवैज्ञानिक, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. देशात ठिकठिकाणच्या खाणींतून चांगले नमुने दळले जायच्या आधी वाचवायचे आणि काचेच्या कपाटात लोकांना दाखवायचे, हा तिचा ध्यास होता. मी वर्णन करत होतो तेव्हा तिकडून आवाजच येईना. मला वाटलं फोन तुटला.

मग ती म्हणाली, "कोणालाही हात लावू देऊ नका. मी उद्या सकाळी पोहोचते."

खाणकामाचा प्रमुख मात्र खूश नव्हता. तो गोरा, बोलायला तोडून टाकणारा. त्याचं कामच होतं रोज ठरलेला दगड बाहेर काढणं. त्याने सांगितलं, "उद्या दुपारी दोनला मी ती टोकाची भिंत उडवणार. त्याआधी काय ते काढा. दोन म्हणजे दोन."

दुसऱ्या दिवशी ती साडेदहाला पोहोचली. पहाटे विमानाने जवळच्या शहरात आणि तिथून गाडीने. सुरक्षेची माहिती ऐकणं, सह्या, कपडे बदलणं यात बारा वाजले. हिजाबवर हेल्मेट घट्ट बसवून, हातात फोमची पेटी घेऊन ती आमच्याबरोबर खाली आली. बरोबर एक सौदी पहारेकरी, नमुन्यांना सील लावायला. आणि चाचा, पहार घेऊन.

बोगद्याचं छत लोखंडी बोल्ट ठोकून आणि जाळी लावून पक्कं करतात. पण ते काम टोकाच्या आठ-दहा पावलं अलीकडेच थांबलेलं असतं. पुढचं छत उघडं. बोल्ट मारणारं यंत्र त्या दिवशी दुसऱ्या बोगद्यात बिघडून पडलं होतं. ती आणि पहारेकरी जाळीखाली थांबले. मी आणि चाचा पुढे गेलो.

चाचांनी पहारीने छत टोकायला सुरुवात केली. उजवीकडे खणखणीत. मध्ये खणखणीत. डावीकडे, बरोबर त्या बिळाच्या वर, बद्द.

त्यांनी पुन्हा टोकलं. पुन्हा बद्द. मग त्यांनी पहारीचं एक टोक दगडाला लावलं, दुसरं कानाशी धरलं आणि डोळे मिटले. पंख्याचा मोठा आवाज चालू होता, त्यातून त्यांना काय ऐकू येत होतं देव जाणे.

"पलंगाएवढी लादी हाय," ते म्हणाले. "सुटलीय. पाडायला पायजे."

"पाडली तर बिळावरच पडेल."

"पडंल."

"सगळा चुरा होईल, चाचा."

"होईल."

मी घड्याळ पाहिलं. साडेबारा. "दोन टेकू लावले तर?"

टेकू म्हणजे स्क्रू फिरवून उंच करायचे लोखंडी खांब. ते मागे पडलेले होते. चाचांनी मानेने नको म्हटलं, तरी जाऊन घेऊन आले. दोघांनी मिळून ते लादीखाली घट्ट केले. चाचांनी पुन्हा टोकलं. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळून, पंख्याच्या आवाजावरून मला ऐकू जावं म्हणून तोंड जवळ आणून म्हणाले, "नाय साहेब. टेकूनं नाय थांबायचं हे. छत बोलतंय. इथं कोणी उभं राहायचं नाय."

इतकं स्पष्ट. प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

मागून जाळीखालून ती ओरडली, "काय म्हणतायत ते?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग बिळाकडे. चाचांच्या दिव्याच्या उजेडात आतली फांदी चमकत होती. दोन वाजता तिच्यावर सुरुंग लागणार होता. तिची धूळ होणार होती, मग दळण होणार होतं, आणि मग कागदावरचा एक आकडा. माझ्या मनात तेव्हा आलेलं मी इथे जसंच्या तसं लिहितो. अकरा वर्षांत मला हे एकदाच दिसलं होतं, आणि पुन्हा दिसणार नव्हतं. ते माझ्या हाताने बाहेर यावं असं मला वाटत होतं. भीती वाटत होती का? वाटत होती. पण ती मागे कुठेतरी उभी होती.

मी इंग्रजीत ओरडून सांगितलं, "टेकू लावलेत, चालेल म्हणतायत. फक्त भराभर उरकायला सांगतायत."

"नक्की?"

"नक्की."

चाचांना इंग्रजी बोलता येत नसे, पण सव्वीस वर्षांत कळायला लागलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. ओळखीच्या माणसाचं नाव अचानक आठवेनासं व्हावं तसं काहीतरी होतं त्यात. मला वाटलं आता ते बोलतील. ते बोलले नाहीत. पहार उचलून माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

मी छिन्नी घेतली. गारगोटी टणक असते पण ठिसूळही असते. एक घाव चुकीचा बसला की भेग कुठे जाईल याचा नेम नाही. बिळाभोवती इंचाइंचाने खाच पाडत जायची होती. पहिला झुबका वीस मिनिटांत सुटला. मी तो दोन्ही तळहातांवर दगडासकट धरला आणि मागे सरकत जाळीपर्यंत नेला. तिने तो कापसात ठेवला. ती अरबीत काहीतरी पुटपुटली. मला फक्त 'माशाल्ला' कळलं.

दुसरा झुबका लवकर निघाला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग फांदी. तिच्या बुडाखालचा दगड आतपर्यंत गेलेला. मला खाली वाकून, खांदा बिळात घालून काम करावं लागत होतं. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. पाठीमागे चाचा मधूनमधून छताला टोकत होते. एकदा टोकायचे, थांबायचे. पुन्हा टोकायचे.

कधीतरी माझ्या मानेवर बारीक रेती पडली. चिमूटभर. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा पडली.

"साहेब, बस झालं."

"पाच मिनिटं."

"बास म्हणतोय मी. खलास. चला."

"सुटतंय, चाचा. हे बघा, हलतंय."

खरंच हलत होतं. मी छिन्नी ठेवून बोटं मागे घातली आणि दगडाचा तुकडा माझ्या हातात किंचित डुलला. एवढाच अंगठ्याएवढा भाग चिकटलेला उरला होता. डावीकडचा टेकू कुईं करून वाजला. लोखंडाचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"भायेर ये! ये भायेर, तुझ्या आयला!"

तीन वर्षांच्या ओळखीत चाचांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी मान वर करेपर्यंत त्यांनी माझा कमरेचा पट्टा मागून पकडला होता आणि सगळ्या अंगाने ओढलं. मी पाठीवर पडलो. छताचा काळा भाग सावकाश खाली येताना दिसला, मला खरोखरच तो सावकाश वाटला, आणि मग काहीच दिसेना. धूळ, आणि कानात एकच आवाज.

धूळ बसली तेव्हा मी लादीच्या अलीकडे पाठीवरच पडलेला होतो. ती पुढे धावत येऊन माझे खांदे धरून माझं नाव घेत होती. पहारेकरी वॉकी-टॉकीवर ओरडत होता. चाचा माझ्यापासून हातभर अंतरावर पडले होते. त्यांचा उजवा पाय लादीच्या कडेखाली होता.

ते ओरडत नव्हते. जोरजोरात श्वास घेत होते. मी लादीला हात लावला तर म्हणाले, "पहार घाल. हातानं नाय उचलायची."

मी पहार घातली. पहारेकरीही आला. आम्ही दोघांनी कड दोन बोटं वर उचलली आणि तिने चाचांना काखेत धरून मागे ओढलं. हेल्मेट पडलेलं, हिजाब धुळीने पांढरा. बूट होता म्हणून पाऊल जागेवर राहिलं, पण घोटा भलत्याच बाजूला वळलेला होता. ज्या ठिकाणी बीळ होतं तिथे आता दगडांचा ढीग होता, माझ्या छातीइतका.

जवळच्या शहरातलं इस्पितळ गाडीने दोन तासांवर. चाचांना घेऊन गाडी गेली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. संध्याकाळी सुरक्षा विभागाच्या माणसाने सगळ्यांचे जबाब घ्यायला सुरुवात केली. माझा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

तिचा जबाब आधी झाला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मी जे घडलं ते सांगितलं. तुम्ही त्यांना विचारलंत, ते चालेल म्हणाले." तिच्या बोलण्यात आडपडदा नव्हता. तिला तेवढंच माहीत होतं.

मी खोलीत गेलो. आता पुढे काय होणार ते मला उघड दिसत होतं. छत तपासणारा माणूस चालेल म्हणाला, छत पडलं, तर दोष त्याचा. इस्पितळातून बाहेर आले की चाचांना घरी पाठवतील, आणि पुढच्या प्रत्येक खाणीत त्यांच्या नावापुढे ते लिहिलेलं राहील. मी खरं सांगितलं तर दोष माझा. नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला; इकामा गेला तर बायको-मुलीचाही गेला, शाळेचं वर्ष अर्धवट. त्याहून वाईटही होऊ शकलं असतं. कायद्याने काय होतं ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे मी सगळंच होईल असं धरून चाललो होतो.

बायकोला फोन केला. अपघात झाला, मी बरा आहे, एवढंच सांगितलं. मुलगी मागून इंग्रजीत विचारत होती की बाबा या शुक्रवारी येणार का. मी म्हणालो, बघू.

सकाळी माझा जबाब अकराला होता. मी सातलाच कंपनीच्या गाडीने इस्पितळात जायची परवानगी मागितली आणि जबाब दुपारवर ढकलून घेतला. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला वाटत होतं की चाचाच म्हणतील, जाऊ दे, माझी दोनच वर्षं राहिलीत, तू लेकरवाळा आहेस. मी ते ऐकायलाच चाललो होतो.

चाचा पाय टांगलेल्या अवस्थेत खिडकीकडे तोंड करून पडले होते. शेजारच्या कॉटवर एक बंगाली माणूस फोनवर बोलत होता. मी स्टुलावर बसलो. पाणी हवं का विचारलं. त्यांनी नको म्हटलं.

"चाचा, आज माझा जबाब आहे."

"हां."

"बाईंनी सांगितलंय की तुम्ही चालेल म्हणालात."

"तिला तसंच ऐकू आलं. ती तेच बोलणार."

त्यांनी मान वळवली.

"मी काय बोललो होतो रे?"

मी त्यांच्या टांगलेल्या पायाकडे पाहिलं.

"बोल ना. काय बोललो होतो मी?"

"इथं कोणी उभं राहायचं नाही, म्हणालात."

"मग? ऐकलं होतंस तर." त्यांनी ओठ आवळले, पायात कळ आली असावी. "जा आणि सांग. या टायमाला नीट सांग."

मी उठलो. दारापाशी पोचलो तर त्यांनी परत हाक मारली.

"मला अरबी येते. मी तिला आपणच सांगू शकत होतो. नाय सांगितलं. तुझं तोंड कशाला पाडायचं तिच्यासमोर, असं वाटलं एक. आणि..." ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. "मलाच सापडली होती ना ती फांदी. मला पण वाटलं, निघाली तर निघाली. ते पण सांग तिकडं. माझंपण चुकलं."

परतीच्या दोन तासांत ड्रायव्हर कसल्याशा क्रिकेट सामन्याबद्दल बोलत होता आणि मी हो हो करत होतो.

जबाबाच्या खोलीत टेबलापलीकडे तिघे होते. सुरक्षा विभागाचा माणूस, खाणकामाचा तो प्रमुख, आणि मनुष्यबळ विभागातला एक सौदी. ती बाई कोपऱ्यात होती. नमुने तिच्या ताब्यात असल्याने तिलाही बसवलं होतं. मला विचारलं, "छत तपासणाऱ्याने नेमकं काय सांगितलं? शक्य तितक्या त्याच्याच शब्दांत."

मी आधी ते मराठीत म्हटलं. तिथे कोणालाच मराठी येत नव्हती, पण मला ते तसंच आधी म्हणावंसं वाटलं. मग इंग्रजीत सांगितलं. मग सांगितलं की मी ते उलट करून पुढे पोचवलं, आणि त्यांनी तीनदा मला बाहेर बोलावलं तेव्हा मी गेलो नाही. चाचांनी स्वतःबद्दल जे सांगायला सांगितलं होतं तेही सांगितलं, पण ते ऐकून कोणी काही लिहून घेतलं नाही.

प्रमुखाने पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. सुरक्षावाल्याने मला पुन्हा एकदा, तारीख-वेळेसकट, सगळं सांगायला लावलं. माझी सही घेतली. माझा खाणीत उतरण्याचा पास तिथेच टेबलावर काढून घेतला.

बाहेरच्या पायऱ्यांवर ती माझी वाट पाहत होती. मला वाटलं ओरडेल. ती अगदी हळू बोलली.

"मी 'नक्की?' असं विचारलं होतं. आठवतंय?"

"आठवतं."

"त्यांची भाषा मला येत नव्हती. तुम्हाला येत होती. म्हणून तुम्हाला विचारलं." तिला पुढे काही बोलायचं होतं, पण डोळे भरून आले तशी ती वळून गाडीकडे निघून गेली. पेटीला लाल सील लावलेलं होतं, आणि ती पेटी तिने पोटाशी धरली होती.

मला अकरा दिवस काहीही सांगितलं गेलं नाही. त्या अकरा दिवसांबद्दल मला फारसं आठवत नाही. जेवणघरात माझ्या टेबलावर कोणी बसत नव्हतं एवढं आठवतं. नेपाळी पोरं आधी येता-जाता नमस्कार करायची, ती आता खाली बघून जात. फोनवर बायकोला मी चौथ्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चाचांच्या घरी कोणी कळवलंय का?" मला ते सुचलंच नव्हतं. तिने माझ्याकडून नंबर घेतला आणि त्यांच्या बायकोला स्वतः फोन केला. त्यानंतर दर दोन दिवसांनी करत राहिली.

शेवटी पत्र आलं. खाणीतलं काम कायमचं बंद. कामावरून काढलं नाही. मी स्वतःहून खरं सांगितलं, हे त्याचं कारण पत्रात दिलं होतं. कराराची मुदत संपेपर्यंत रियाधला, अल सुलै भागातल्या कंपनीच्या गोदामात. तिथे देशभरातून खोदून काढलेले दगडाचे दंडगोल पेट्यांत भरून ठेवलेले असतात. त्यांची नोंद करायची. चाचांवर कसलाही ठपका नव्हता, आणि त्यांचा उपचार कंपनीकडे होता. पत्र वाचल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.

ढिगाऱ्यातून त्या फांदीचं काही निघालं का, हे मला नंतर ऐकून कळलं. बाईंनी आग्रह धरून तो सगळा दगड वेगळा काढायला लावला होता. चेपून पत्र्यासारखे सपाट झालेले तुकडे मिळाले. त्यांचा आकार राहिला नव्हता.

चाचांच्या घोट्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. चार महिन्यांनी ते कुबडी सोडून चालू लागले. त्यांना वरचं काम देऊ केलं होतं, नव्या लोकांना छत ऐकायला शिकवायचं. त्यांनी दोन महिने केलं. मग म्हणाले, वर बसून पहार धरणं मला जमत नाही, आणि घरी जायचं ठरवलं.

त्यांचं विमान रियाधवरून होतं. एक दिवस आधी ते आमच्याकडे उतरले. बायकोने सुरमईचं कालवण केलं होतं. त्यांनी दोनदा भात घेतला. मुलीने त्यांना इंग्रजीत पायाबद्दल विचारलं आणि त्यांनी मराठीत, स्क्रू किती आणि कुठे कुठे ते, बोटाने दाखवून सांगितलं. माझ्याशी ते साहेबही म्हणाले नाहीत आणि अरे-तुरेही केलं नाही. माझ्याशी बोलताना वाक्यं अशी फिरवत की कुठलंच संबोधन वापरावं लागू नये.

जेवण झाल्यावर म्हणाले, "ते दोन नमुने बघायला मिळतील का?"

मी बाईंना फोन केला. कार्यालयाच्या खालच्या दालनात काचेचं कपाट होतं. ती स्वतः खाली आली. चाचांनी काचेजवळ तोंड नेऊन दोन्ही झुबके नीट पाहिले. मग मागे सरकले. ती त्यांच्याशी अरबीत बोलू लागली, आणि तेही बोलू लागले. मी दोन पावलं मागे उभा होतो. मला अधूनमधून एखादा शब्द कळत होता. पाय. नातवंडं. समुद्र. एकदा दोघे हसले. अर्धा तास तरी ते उभ्याउभ्याच बोलत होते. मग तिने त्यांना कोचावर बसवलं आणि स्वतः समोर बसली. निघताना ती गाडीपर्यंत आली आणि चाचांचा पाय आत घेईपर्यंत दार धरून उभी राहिली. मला तिने मान हलवून निरोप दिला.

विमानतळापर्यंतच्या रस्त्यात चाचा तोंड उघडं टाकून झोपले. मी त्यांना उठवलं, बॅगा काढल्या. व्हीलचेअरवाला आला होता, त्याला त्यांनी हाताने नको म्हटलं. कपड्यांत गुंडाळलेली एक चटई, खजुराचा डबा, दोन बॅगा. मी ट्रॉली लावून दिली.

"चाचा," मी म्हणालो.

"घरी जा," ते म्हणाले. "पोरगी वाट बघत असंल. पोचलो की तुमच्या बायकोला फोन करतो."

ट्रॉलीवर जरा भार टाकून, उजवा पाय ओढत ते रांगेत जाऊन उभे राहिले. पुढच्या माणसाची बॅग घसरत होती, ती त्यांनी एका हाताने सावरून धरली. रांग सरकली तसे ते खांबाआड गेले.